रोबो आला, ऑपरेटरनं काय शिकावं?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी लेथ चालवतो. आयटीआय झालंय. ओतीव जॉब (मशिनवर घडवायचे भाग) लावायला-काढायला आता रोबो येतोय. नोकरी राहील का? काय शिकू?

उत्तर : जॉब लावणं, काढणं आणि हिरवं बटण दाबणं एवढंच तुमचं काम असेल, तर ते जाणार. दोन-तीन मशिनांवर मिळून एक माणूस उरतो आणि तो बहुधा सेटर, म्हणजे मशिन जुळवून देणारा, असतो.

रोबो बिनचूक उचलतो-ठेवतो, पण चकच्या जॉवर (जॉब आवळणाऱ्या पकडीवर) चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकलेली त्याला दिसत नाही. तुम्ही एअर गन मारता; तिथं हवेची नळी आणि जॉब नीट टेकला का हे तपासणारा सेन्सर लावावा लागतो. ओतीव जॉबची आणखी एक खोड म्हणजे साच्याच्या सांध्यावरचा फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेली पातळ कडा. तो जॉखाली आला की जॉब तिरका धरला जातो, रनआउट येतो, म्हणजे फिरताना डगमगतो. असा माल ओळखून फेटलिंगला (कडा घासून साफ करायला) परत पाठवणारा माणूस लागतोच.

शिकताना आधी ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेची दुरुस्ती, पक्का करा. बाहेरचा व्यास ०.०२ मि.मी. मोठा आला तर एक्स वेअरमध्ये (व्यासाच्या दिशेच्या झिजेच्या दुरुस्तीत) -०.०२ मिळवा. लेथवर एक्स सहसा व्यासात असतो, तेव्हा निम्मं करू नका. बोअरला, म्हणजे आतल्या भोकालाही, चिन्ह तेच : मोठं आलं तर वजा. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर 'इनपुट' दाबलं की जुना आकडा जाऊन नवा बसतो, '+इनपुट'नं जुन्यात भर पडते. हा गोंधळ रोबोमागे महागात पडतो, कारण चूक कळेपर्यंत ट्रे भरलेला असतो. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलल्यावर बाहेरच्या व्यासाला वेअरमध्ये +०.२ मिळवून पहिला जॉब काढा, मोजा, मग मापावर आणा.

मग पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचा हातातला कंट्रोल. रोबोचा हात मशिनच्या आत असताना सायकल थांबली की बरेच जण थेट 'होम' (मूळ जागी परत जा) देतात आणि ग्रिपर, म्हणजे रोबोची पकड, टरेटवर (हत्यारं बसवलेल्या भागावर) आदळतो. टी-१ मोडमध्ये, म्हणजे सेकंदाला २५० मि.मी.च्या आतल्या वेगानं, हात सरळ रेषेत दाराबाहेर काढा; होम त्यानंतर. चक उघडण्याआधी जॉब ग्रिपरनं धरलाय ना, हे पाहा. पेंडंटची सुरक्षा कळ तीन टप्प्यांची असते : सोडली तरी रोबो थांबतो, घाबरून घट्ट आवळली तरी थांबतो. सायकल कशामुळे अडली, दार उघडल्याचा सिग्नल आला नाही की चक आवळल्याचा, हे आय-ओच्या (येणाऱ्या-जाणाऱ्या सिग्नलच्या) पडद्यावर वाचता येणाऱ्याला मेंटेनन्सची वाट पाहावी लागत नाही. आमच्या मते पगार ठरतो तो इथं.

प्रश्न : रोबोटिक्सचा ऑनलाइन कोर्स घ्यावा का?

उत्तर : पेंडंट हातात मिळणार नसेल तर नको. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. कारखान्यात रोबो बसणारच असेल, तर बसवायला येणाऱ्या मंडळींबरोबर उभं राहू देण्याची परवानगी मागा. ती जाण्याआधी प्रोग्रॅमचा बॅकअप आणि सिग्नलची यादी घेऊन ठेवा. नंतर मागून लवकर मिळत नाही.