सीसीटीव्हीचे चित्रण सहाव्या दिवशीच का पुसले जाते?

प्रश्न : आमच्या सोसायटीत फाटक, वाहनतळ आणि दोन जिने अशा ४ ठिकाणी नेटवर्क कॅमेरे असून रेकॉर्डरमध्ये १ टीबीची हार्डडिस्क आहे. मागील महिन्यात एक सायकल चोरीला गेली आणि आठव्या दिवशी चित्रण पाहायला बसलो, तर ते पुसले गेले होते. मोबाइलवर चारही दृश्ये अडखळतात आणि रात्री फाटकातून येणाऱ्या दुचाकीचा क्रमांक वाचता येत नाही. चारही कॅमेऱ्यांना १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे), एच.२६४ (चित्रण दाबून लहान करण्याची पद्धत) आणि ४ एमबीपीएस असे एकच सेटिंग आहे. फ्रेम वाढवाव्यात का?
— सोसायटीचे सचिव, डोंबिवली

उत्तर : वाढवू नयेत, कमी कराव्यात. ४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत एक कॅमेरा ४३.२ जीबी जागा खातो आणि ४ कॅमेरे मिळून १७२.८ जीबी. या हिशेबाने तुमची डिस्क पावणेसहा दिवसांत भरते आणि रेकॉर्डर सर्वांत जुने चित्रण पुसू लागतो. त्यात बिघाड काहीच नाही.

रिकाम्या जिन्याला आणि वर्दळीच्या फाटकाला सारखाच बिटरेट (सेकंदाला साठणारा डेटा) देणे ही खरी उधळपट्टी आहे. तुमच्या रेकॉर्डरला एच.२६४ नंतरची एच.२६५ ही पद्धत चालत असेल तर ती निवडावी. २०१३ साली आलेले हे मानक साधारण तेवढ्याच दर्जाचे चित्र जवळपास निम्म्या बिटरेटमध्ये बसवते. फाटकाला १५ फ्रेम आणि २.५ एमबीपीएस, उरलेल्या तिघांना १० फ्रेम आणि प्रत्येकी १ एमबीपीएस ठेवल्यास रोजचा खर्च ५९.४ जीबीवर येतो आणि चित्रण १६ दिवसांहून अधिक टिकते. बिटरेटचा प्रकार व्हेरिएबल, म्हणजे दृश्यानुसार कमी-जास्त होणारा ठेवून हे आकडे कमाल मर्यादा म्हणून भरावेत. ही मर्यादा आवश्यक आहे, कारण अंधारात चित्रावर जे दाणे उमटतात त्यांना कॅमेरा हालचालच समजतो आणि निर्जन जिनाही रात्रभर बिट खात बसतो.

फ्रेम बदलताना आय-फ्रेम इंटरव्हलकडे हमखास दुर्लक्ष होते. पूर्ण चित्र किती फ्रेमनंतर साठवायचे, ते या आकड्यावर ठरते. २५ फ्रेमला ५० हा आकडा म्हणजे २ सेकंद, पण १० फ्रेमला तोच आकडा ५ सेकंद होतो. मग दृश्य उघडायला वेळ लागतो आणि चित्रण मागे-पुढे करताना उड्या बसतात. म्हणून १५ फ्रेमला ३० आणि १० फ्रेमला २० भरावा.

मोबाइलचे दुखणे वेगळे आहे. चारही मेनस्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाची दृश्ये, एकदम उघडल्या की सोसायटीच्या इंटरनेटवर १६ एमबीपीएसचा अपलोड भार पडतो. सबस्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचे कमी दर्जाचे हलके दृश्य, ६४० × ३६०, १० फ्रेम आणि ५१२ केबीपीएसवर ठेवून अ‍ॅपमध्ये तीच निवडावी, म्हणजे तो भार २ एमबीपीएसच्या आसपास येईल. सबस्ट्रीमला मात्र एच.२६४च राहू द्यावे, कारण जुन्या फोनना एच.२६५ झेपत नाही.

क्रमांक पुसट येण्याचा आणि फ्रेमच्या संख्येचा संबंध नाही. तो शटरचा, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपताना कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो याचा प्रश्न आहे. शटर १/२५ सेकंद असेल तर ताशी २० किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी तेवढ्या वेळात सुमारे २२ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे पाटीवरची अक्षरे एकमेकांत मिसळणारच. शटर १/२५० केल्यास हे अंतर सव्वादोन सेंटिमीटरांवर येते. पण तेवढ्याच प्रमाणात प्रकाशही घटतो, त्यामुळे फाटकावर चांगला दिवा लावल्याशिवाय हा बदल करू नये. फाटकात गतिरोधक असेल तर काम आणखी सोपे होते.

बदलानंतर एखाद्या रात्री कोणीतरी दुचाकीवरून फाटकातून आत यावे आणि ते चित्रण रेकॉर्डरवर एकेक फ्रेम थांबवून पाहावे. थेट दृश्यात ठसठशीत वाटणारी पाटी थांबवल्यावर बहुधा पुसट निघते.