भुकूमची विहीर, बावधनची बोअर

राम नदी भुकूमच्या बाजूला उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण करत औंधजवळ मुळेला मिळते. वर मुळशी तालुक्यातली गावं, खाली पुणे शहर. या काठाने आलेले पाण्याचे काही प्रश्न.

प्रश्न : पूर्वी आमच्या विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी पुरायचं. आता फेब्रुवारीतच तळ दिसतो. खाली बावधनच्या सोसायट्यांनी बोअर मारल्या, त्यांनीच आमचं पाणी ओढलं का? – एक वाचक, भुकूम

उत्तर : एवढ्या लांबची बोअर तुमच्या विहिरीतलं पाणी ओढून नेत नाही. आधी विहिरीच्या चारही बाजूंना दोन-चारशे मीटरवर गेल्या काही वर्षांत काय खोदलं गेलं ते पाहा. बंगल्याची, हॉटेलची, शेजाऱ्याच्या शेतातली, सगळ्या बोअर मोजा.

गाव असो की शहर, खाली खडक एकच आहे. वर माती, मग मुरूम, त्याखाली फुटलेला मांड (भेगाळलेला खडक), मग काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा खडक) किंवा तांबडा थर, पुन्हा पाषाण. पाणी मुरतं ते मुरमात, भेगांत आणि मांजऱ्यात. अखंड पाषाणात ते राहत नाही. तुमची विहीर वरच्या थरावर चालते. जवळच्या बोअरला केसिंग (भोकाच्या वरच्या भागात बसवतात तो पाइप) फक्त १५-२० फूट घातलेलं असेल, तर वरच्या थरातलं पाणी तिच्या भोकातून खालच्या कोरड्या भेगांत उतरतं. मोटर बंद असली तरी हे चालूच राहतं. पावसाळ्यात अशा बोअरच्या तोंडाशी कान लावा, आत पाणी पडल्याचा आवाज येतो. तो आवाज तुमच्या विहिरीच्या पाण्याचा असू शकतो.

उपाय बोअर घेतानाच करायचा असतो. केसिंग वरचा पाणीधर थर ओलांडून खालच्या घट्ट पाषाणात बसवायचं आणि बाहेरची फट सिमेंटने भरायची. बोअरवाले पैसे वाचवायला केसिंग मुरूम संपताच थांबवतात. ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. आपला खडक पाणी फार साठवत नाही, साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरले तर एका एकराखालची पातळी एक मीटर उतरली की हाती येतात जेमतेम ८० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी आठ टँकर. म्हणून दोन-तीन जास्तीच्या मोटरींनीही पातळी झपाट्याने उतरते.

प्रश्न : सोसायटीची २५० फुटी बोअर आटली. ठेकेदार म्हणतो, ६०० फूट मारू. मारावी का? – सचिव, बावधन

उत्तर : घाई करू नका. खोल गेलं की भेगा कमी होतात आणि आवळतातही. खाली पाणी लागलंच तरी ते बहुधा वरूनच हळूहळू झिरपलेलं असतं, उपशाच्या वेगाने ते भरून येत नाही.

त्यापेक्षा तीच बोअर भरता येते का ते पाहा. मोटर काढा, दोरीला वजन बांधून पातळी मोजा, मग पाच हजार लिटरचा टँकर आत सोडा. तासाभरात पातळी मूळ जागी आली तर बोअर पाणी घेते. पाणी तोंडाशी तुंबून राहिलं तर भेगा बुजल्यात किंवा नाहीतच, तिच्यावर खर्च करू नका.

पाणी घेत असेल तर केसिंगभोवती २ बाय २ मीटरचा, २ मीटर खोल खड्डा घ्या. तळाला ६० सेंटिमीटर मोठे दगड, त्यावर ४० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर जाड वाळू, वरचा भाग मोकळा. केसिंगला भोकं फक्त दगडांच्या थरात पाडा आणि बाहेरून नायलॉनची जाळी दोन पदरी गुंडाळा. वाळू अर्ध्या ब्रासच्या आत लागते, दगड एका ब्रासच्या आत. अनेक ठिकाणी हे थर उलटे भरलेले दिसतात. वाळू तळाला गेली की गाळ थेट खाली जाऊन बसतो आणि दोन पावसाळ्यांत खड्डा निकामी होतो. वाळू वर असली तर दरवर्षी मे महिन्यात वरची चार बोटं खरवडून बदलता येते.

खड्ड्यात फक्त गच्चीचं पाणी सोडा. पार्किंगचं नको, त्यात तेल असतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर काढायला पाइपला वेगळा व्हॉल्व्ह हवाच. ५०० चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला, तरी २ लाख ८० हजार लिटर मिळतात.

प्रश्न : विहिरीचं पाणी नितळ आहे. तरी तपासावं का? – एक वाचक, भूगाव

उत्तर : हो. नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही. गावात ते युरियातून आणि गोठ्यातून येतं, शहरात फुटक्या ड्रेनेजमधून, दोन्हीकडे सेप्टिक टँकमधून. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी वापरू नका.

जंतूंसाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आहे. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ७० ग्रॅम पावडर लागते. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी बादलीने पाण्यात खोलवर सोडून हलवा. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) घ्या. पिवळा रंग आला नाही तर पावडर दमट होऊन तिचा क्लोरीन उडालेला असू शकतो, किंवा पाण्यातल्या घाणीने तो खर्ची पडलेला असतो. आधी नवी पिशवी फोडून पाहा, तरीही रंग आला नाही तर मात्रा वाढवा.