'दगडफुलातली बुरशी' म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न असा आहे : 'एंडोलायकेनिक फंगस'मध्ये कर्करोगावरची संयुगं शोधतात, याबद्दल मराठीत लिहिताना 'दगडफुलातली बुरशी' एवढं म्हटलं तर चालेल का? आणि 'अँटीकॅन्सर'ला 'कर्करोगनाशक' म्हणावं का?

दोन्हींना माझं उत्तर 'नको' असं आहे.

आधी बुरशी. दगडफूल हीच मुळात बुरशी आहे, फक्त एकटी नाही, शैवालासोबत राहणारी. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस हे मांडलं, तेव्हा दगडफुलांच्या बऱ्याच अभ्यासकांना ते अजिबात रुचलं नव्हतं. पाठ्यपुस्तकातला 'शैवाक' हा शब्द मला आवडतो तो याचसाठी, त्यात शैवाल आणि कवक दोघंही ऐकू येतात. अर्थात गोड्या मसाल्यात दगडफूलच पडतं. वाण्याकडे शैवाक मागून पाहा!

तर 'दगडफुलातली बुरशी' म्हटल्यावर वाचकाला पहिल्यांदा दगडफुलाचा देह घडवणारीच बुरशी आठवणार. उस्निक आम्लासारखी दगडफुलांची प्रसिद्ध रसायनं तीच बनवते. शिवाय काही बुरश्या दगडफुलावर वाढतात, त्यातल्या कित्येक त्याला आजारी पाडतात, डाग किंवा गाठी आणतात. एंडोलायकेनिक म्हणतात ती यांपैकी कुठलीच नाही. ती आत राहते, पण बाहेरून काही कळत नाही. दगडफूल धडधाकट दिसतं. घरमालक वेगळा आणि ही पोटभाडेकरू.

ती खरोखर आतलीच आहे हे ठरवण्याची रीत पाहिली की शब्दातला 'आत' किती महत्त्वाचा ते कळतं. दगडफूल नळाखाली स्वच्छ धुतात, मग अल्कोहोल, ब्लीचचं पातळ द्रावण, पुन्हा अल्कोहोल अशा आंघोळी घालतात, म्हणजे वरची बुरशी आणि बीजाणू मरतात. मग बारीक तुकडे करून अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीच्या, बशीत ठेवायचे. शेवटच्या धुण्याचं पाणीही वेगळ्या बशीत ओतून पाहतात. त्यात काही उगवलं तर धुणं कच्चं. पाण्याची बशी कोरी राहिली आणि तुकड्यातून तंतू निघाले, तर ते आतले. दगडफूल स्वतः वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, ही आतली बुरशी मात्र फ्लास्कमध्ये काही आठवड्यांत भरपूर वाढते. औषध शोधणाऱ्यांना तिचं आकर्षण वाटतं त्याचं हे एक मोठं कारण.

शब्द कोणता घ्यावा? 'आंतरशैवाकी' नको. 'आंतरराष्ट्रीय', 'आंतरजातीय' यांच्या सवयीमुळे तो दोन शैवाकांमधला वाटेल. 'अंतःशैवाकी कवक' बिनचूक आहे, शोधनिबंधात शोभेल. सर्वसाधारण वाचकासाठी मी 'दगडफुलातली अंतर्वासी बुरशी' लिहीन. एवढं मात्र सांभाळा की मुद्रितशोधक त्याचं 'अंतेवासी' करणार नाही. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. बुरशीला गुरुकुलात पाठवायचं कारण नाही.

आता 'नाशक'. कीटकनाशक, तणनाशक हे डब्यावर छापलेले शब्द आहेत, त्यामुळे 'नाशक' म्हटलं की तयार माल डोळ्यांसमोर येतो. इथे तर अर्थही जुळत नाही. अशा बुरशीतून वेगळ्या केलेल्या संयुगांची पहिली नोंद २००७ सालची, अॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांचा त्यात सहभाग होता. झाडावरून लोंबणाऱ्या उस्निया कॅव्हर्नोसा या दगडफुलात त्यांना कोरिनेस्पोरा वंशाची बुरशी मिळाली. तिच्यापासून मिळालेल्या डीहायड्रोहर्बारिन या संयुगानं स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींचं सरकणं रोखलं, तेही पेशी मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत. म्हणजे नाश झालाच नव्हता, हालचाल थांबली होती. कर्करोग पसरतो तो पेशी सरकतात म्हणून, तेव्हा हेही मोलाचंच. पण याला 'कर्करोगरोधी' म्हणावं.

उलट काही संयुगं पेशी खरोखर मारतात. ते तपासायची नेहमीची चाचणी एमटीटी : पिवळं द्रव्य घातलं की जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, जांभळा रंग जितका फिका तितक्या जिवंत पेशी कमी. त्यांना 'पेशीमारक' म्हणा, कारण मेल्या त्या बशीतल्या पेशी, रोग नव्हे. निरोगी पेशीही त्यात मरत असतील तर औषध म्हणून उपयोग काय? आणि हे सगळं बुरशी वेगळी वाढवून काढलेल्या शुद्ध संयुगांबद्दल आहे, आमटीतल्या दगडफुलाबद्दल नाही. तसा फॉरवर्ड कुणी करायच्या आत सांगून ठेवतो.

एक मेख विचारणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. 'कर्करोगरोधी संयुगांचा शोध' असा मथळा दिला, तर शोध चालू आहे की लागला? मराठीत 'शोध' दोन्हीकडे चालतो. संयुग हाती आलं असेल तर 'दगडफुलातल्या अंतर्वासी बुरशीत कर्करोगरोधी संयुग सापडलं' असं लिहा. नसेल तर 'संयुगांच्या शोधात'.