मांजलपूरचा फ्लॅट: आत्ता १२,००० की थांबून १३,५००?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात मांजलपूरला दुसऱ्या मजल्यावर तुमचा दोन बेडरूमचा फ्लॅट रिकामा आहे, लिफ्ट नाही. एक कुटुंब १२,००० भाडं आणि वेगळा १,५०० मेंटेनन्स द्यायला तयार आहे. ब्रोकर म्हणतो, दोन महिने थांबा, १३,५०० मिळतील. सव्वा लाखाचं फर्निचर केलंत तर वर आणखी २,५००.

हातचं सोडू नका. दोन महिने घर बंद राहिलं तर २४,००० भाडं बुडतं आणि ३,००० मेंटेनन्स तुमच्या खिशातून जातो, म्हणजे २७,०००. महिन्याला १,५०० जास्त मिळून ते भरून यायला १८ महिने लागतील, आणि करार असतो ११ महिन्यांचा. थांबण्यात ब्रोकरचं काही जात नाही, जातं ते तुमचंच. शिवाय आत्ता नोव्हेंबर आहे. गुजरातेत शाळा जूनमध्ये सुरू होतात. मुलं असलेलं कुटुंब वर्षाच्या मधेच सहसा घर हलवत नाही.

१३,५०० हा आकडा खरा आहे का, तेही तपासा. ऑनलाइन जाहिरातीत असते ती मागणी. ठरलेलं भाडं सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला माहीत असतं. गेल्या सहा महिन्यांत तुमच्याच किंवा शेजारच्या सोसायटीत भाड्याने गेलेल्या तीन फ्लॅटची चौकशी करा: मजला, लिफ्ट, कारचं पार्किंग, पाइप गॅस, आणि मेंटेनन्स भाड्यात धरला होता की वेगळा. शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मेंटेनन्स धरून १३,५०० असेल, तर तुम्हाला तेवढे आत्ताच मिळताहेत! एकच जाहिरात महिनाभर तशीच दिसत असेल, तर तो दर जास्त आहे असं समजा.

फर्निचर नको. सव्वा लाख भागिले २,५०० म्हणजे ५० महिने, तेही घर एक दिवसही रिकामं न राहता आणि एसी, गाद्या, वॉशिंग मशीन यांवर काहीही खर्च न होता. सामानासकट घर घेणारे बहुधा नोकरीतले एकटे लोक किंवा विद्यार्थी. ते लवकर बदलतात, आणि दर बदलाला रंग, दलाली आणि रिकामे दिवस आलेच. पंखे, गीझर आणि एक कपाट पुरे.

कराची फार काळजी करू नका. वर्षाच्या भाड्यातून तुम्ही भरलेला महापालिकेचा घरवेरा, म्हणजे मालमत्ता कर, वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के. दुरुस्तीचा खर्च मात्र वेगळा वजा मिळत नाही, तो त्या ३० टक्क्यांतच आला.

आता करार. पुण्याचे नातेवाईक सांगतील की रजिस्टर करावाच लागतो. तो महाराष्ट्राचा कायदा. इथे वर्षाच्या आतला करार ई-स्टॅम्पवर नोटरी करून चालतो. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात न चुकता नोंदवा. डिपॉझिट निदान दोन महिन्यांचं घ्या, कारण इथे विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं; भाडेकरू मधेच गेला तर थकलेलं बिल तुमच्या नावावर राहतं. किल्ली देताना आणि परत घेताना मीटरचा फोटो काढून दोघांच्या सह्या घ्या.

आणि हा करार ११ महिन्यांचा करू नका. १ डिसेंबर ते ३१ मे असा सहा महिन्यांचाच करा. डिसेंबरपासून ११ महिने धरले तर तो ऑक्टोबरअखेर संपेल आणि घर पुन्हा अशाच मंदीच्या दिवसांत रिकामं होईल. मे अखेरीस संपला तर घर शोधणारी कुटुंबं तेव्हाच बाहेर पडलेली असतील. हेच कुटुंब राहणार असेल तर १ जूनपासून ५ टक्के वाढ, म्हणजे १२,६००, हे आत्ताच करारात लिहून घ्या. जाणार असेल तर एप्रिलअखेर लेखी कळवायची अट घाला आणि त्याच दिवशी १३,५०० ची जाहिरात द्या.