तलवार दिसते, दस्त दिसत नाही

वकीलबाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. गेल्या महिन्यात टीव्हीवर जुना कन्नड 'कित्तूर चेन्नम्मा' लागला होता. घरातल्या सगळ्यांनी बघितला. सासूबाईंना कन्नड धड येत नाही, तरी राणी साहेबासमोर ठणकावून बोलायला लागली तशी त्यांनी पदर डोळ्याला लावला. माझा धाकटा भाऊ रताळी घेऊन बेळगावच्या मार्केटला निघाला होता, तोही वाटेत थांबला. त्यानं आणि आमच्या मिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. पिक्चर संपला आणि भावानं पिशवीतून कागद काढला. वडील दोन वर्षांमागं गेले. चार एकर जमीन, वाडवडिलांची. आम्ही दोघी बहिणी, दोघे भाऊ. "अक्का, सोमवारी रजिस्ट्रारला ये की, नुसती सही हाय," म्हणाला. कागद कन्नडात. माझं लग्न १९९१ सालचं. ९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना कर्नाटकात हक्कच नाही, सही म्हणजे नुसती रीत, असं भाऊ म्हणतो. मिस्टर म्हणतात, माहेर तोडून काय मिळणार? मला ती राणी राहून राहून आठवते आणि राग येतो. कुणाचा, ते कळत नाही. काय करू? – एक वाचक, नंदगड परिसर

उत्तर : सोमवारी जाऊ नका. ताप आला म्हणा, पाहुणे आले म्हणा, काहीही म्हणा. बाकीचं मग बोलू.

तुमचा भाऊ म्हणतो ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरंच जास्त घात करतं. कर्नाटकानं हिंदू वारसा कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली, ती ३० जुलै १९९४ पासून लागू झाली. मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. महाराष्ट्रातही त्याच वर्षी तसंच झालं. तुमच्या भावाला कुणीतरी एवढंच सांगितलंय. पुढं ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्न कधी झालं हा प्रश्नच मिटला. वडील त्या तारखेला हयात हवेत का, यावर कोर्टात बरीच वर्षं ओढाताण चालली. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं तीही गाठ सोडवली. हयात असायची गरज नाही. तुमचे वडील तर परवा परवा गेले. वडिलोपार्जित जमिनीत तुमचा हिस्सा भावाएवढाच. तुमच्या बहिणीचाही.

आता दुसरं काहीतरी काढतील. "वाटणी कधीच झालीय, आबांनी तोंडी केली होती," असं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर झालेली किंवा कोर्टाच्या हुकुमाची वाटणी असेल तरच तुमचा हक्क जातो. तोंडी वाटणी सांगणाऱ्याला ती सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

आणि आई? तुमच्या पत्रात आईचा उल्लेखच नाही. त्या असतील तर नवऱ्याच्या मागं त्यांचाही वाटा निघतो. वारसा लावताना चौघांची नावं चढली आणि आईचं राहिलं, अशी प्रकरणं मी इतकी बघितलीत की आता अर्जात मी पहिलं आईचंच नाव शोधते.

तो कन्नड कागद. तुमच्या घरात शाळेत जाणारी पोरगी असेलच. आपल्याकडं मराठी शाळेतल्या पोरांनाही कन्नड वाचता येतं, ते अशा वेळी कामाला येतं. तिला समोर बसवा आणि एकेक ओळ वाचायला लावा. 'हक्कसोड' किंवा त्या अर्थाचं काही आलं की थांबा. रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र मागाहून मोडायचं तर फसवणूक झाली हे तुम्हाला कोर्टात सिद्ध करावं लागतं, तेही ठरावीक मुदतीत. "मला वाचता येत नव्हतं" एवढ्यावर न्यायाधीश ऐकत नाहीत. शेजारी उभं राहून सही दाखवून देणारा भाऊ तेव्हा साक्षीला येत नाही.

तुमची राणी आठवते ती उगाच नाही. सिनेमात कर का द्यायचा यावर ती साहेबाला सुनावते, ते भाषण आमच्याकडं प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगला एखादी चौथीतली पोरगी पुठ्ठ्याचा मुकुट घालून म्हणते. ऐकायला झकास आहे. पण कित्तूरचं भांडण पेटलं ते कागदावरून. १८१८ मध्ये पेशवाई बुडताना कित्तूरकर कंपनीच्या बाजूला राहिले होते आणि त्या बदल्यात त्यांनी संस्थान राखलं होतं. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचा देसाई, म्हणजे तिथला संस्थानिक, शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारला. हा चेन्नम्माचा सावत्र मुलगा, तिचा नवरा मल्लसर्जा याच्या थोरल्या राणीचा, रुद्रम्माचा. दत्तक घेतल्याचं पत्र पुढं आलं. धारवाडचा कलेक्टर थॅकरे म्हणाला, हे पत्र खरं नाही. झालं. वाडा, खजिना, गावं, सगळं त्या एका पत्रावर लटकलं. चेन्नम्मा लढली ती ह्यासाठी. २३ ऑक्टोबर १८२४ ला थॅकरे कित्तूरच्या वेशीवर मारला गेला आणि दोन गोरे अधिकारी राणीच्या हाती लागले. डिसेंबरात कंपनी मोठी फौज घेऊन परत आली. किल्ला पडला, राणी बैलहोंगलच्या कैदेत गेली, तिथंच १८२९ मध्ये वारली. तिचा सरदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला तर तुमच्या नंदगडातच २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिलं. तुम्ही त्या रस्त्यानं रोज जात असाल.

मेलेल्या देसायाची एक बायकोही होती, वीरव्वा. दत्तक जायचा तो खरं तर तिच्या मांडीवर. सासूबरोबर तीही कैदेत गेली. तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे? सिनेमावाल्यांना मी दोष देत नाही. दत्तकपत्रावर गाणं बसवता येत नाही. घोडा मात्र पडद्यावर छान दिसतो.

तर टाळ्या वाजवणाऱ्या भावाचा फार राग धरू नका. त्याला कुणी सांगितलंच नाही की राणी नेमकी कशावरून भांडत होती. तुम्ही सांगा. मिस्टरांच्या 'माहेर तुटेल'चं म्हणाल, तर नीट विचारा त्यांना, की त्यांच्या बहिणींनी सह्या केल्यात का, आणि केल्या असतील तर दिवाळीला साडीचोळी पलीकडं काय गेलं. हक्क सोडायचाच असेल तर तोही तुमचा अधिकार आहे, मी आडवी येणार नाही. पण आधी चौघांची आणि आईची नावं उताऱ्यावर चढू द्या. मग जे द्यायचं ते मोजून द्या आणि मोबदला दस्तात लिहून घ्या. विहीर, काजूची झाडं, घराची पडवी, काय ठेवायचं ते ठेवा. ज्या भावाशी बोलणं तुटायचं असेल ते तुटेल. पण माझ्या अनुभवात, वाटा घेतलेल्या बहिणीला लग्नाची पत्रिका आधी येते.

प्रश्न : ऐतिहासिक चित्रपट बघितले की वाटतं, आपल्याकडं स्त्रीला पूर्वी किती मान होता. राण्या राज्य करत होत्या. आपण तर तिला देवी मानतो. हल्लीच्याच बायकांना तक्रारी फार. आपलं मत? – एक निवृत्त वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : मान कुणाला होता, ते बघू या. ताराबाईंनी १७०० पासून मोगलांना झुंजवलं, ते राजाराम महाराज गेल्यावर, लहान मुलाच्या नावानं. झाशीची राणी नवरा गेल्यावर, दत्तकाच्या नावानं. चेन्नम्माचं वर सांगितलंच. अहिल्याबाईंनी स्वतः कारभार हाकला खरा, पण त्याआधी नवरा, सासरा आणि मुलगा असे तिघे पोचवावे लागले. म्हणजे घरातले कर्ते पुरुष गेल्यावर, आणि बहुतेक वेळा मांडीवर पोरगा असेल तर, बाईच्या हाती मोहोर यायची. सिनेमात पाठीला बांधलेलं पोर दिसतं ना, त्याच्या नावानं ती लढते आहे. त्यात त्या बायकांचं कर्तृत्व तसूभर कमी होत नाही. उलट एवढ्याशा फटीतून त्यांनी केवढं करून दाखवलं! पण त्या फटीला दरवाजा म्हणू नका.

ज्या साली चेन्नम्मा बैलहोंगलला वारली, त्याच साली डिसेंबरात बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला. आपल्या मुंबई इलाख्यात १८३० ला आला. विधवेला पुन्हा लग्न करायची कायद्यानं मुभा १८५६ ला. इतका मान असता तर हे कायदे कशाला लागले असते?

आणि देवी म्हणाल तर लांब कशाला जायचं, आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीचा, यल्लम्मा देवीचा डोंगर आहे. 'उदं गं आई उदं' म्हणत कोल्हापूर-सांगलीपासून माणसं येतात, मीही आईच्या कडेवर बसून गेलेली आहे. त्याच देवीच्या नावानं पोरी सोडायचे. गळ्यात मोती बांधला की तिला लग्न नाही, घर नाही, बापाचं नाव सांगायला जागा नाही. १९३४ ला मुंबई सरकारनं देवदासींसाठी कायदा केला, तरी भागलं नाही म्हणून १९८२ ला कर्नाटकाला पुन्हा करावा लागला. कोर्टात अशा एका बाईच्या लेकाचा दाखल्याचा अर्ज मी चालवला होता. बापाच्या नावाच्या रकान्यात कारकुनानं देवीचं नाव लिहून ठेवलं होतं. देवी मानण्याचा एवढा पुरावा पुरे.

तुमच्या घरची लाईटबिलं, उतारा, बँकेचं पासबुक कुणाच्या नावावर आहेत ते एकदा काढून बघा, आणि तक्रारींबद्दल पुन्हा लिहा. छापू.

प्रश्न : आमच्या स्त्रीशक्ती संघाला महिला दिनाला सिनेमा दाखवायचा आहे. निम्म्या बायका मराठी, निम्म्या कन्नड. कुठला आणू? – संघाची सेक्रेटरी, खानापूर

उत्तर : १९६१ चा तोच, बी. आर. पंतुलूंचा. बी. सरोजादेवींची चेन्नम्मा आणि राजकुमार यांचा मल्लसर्जा. कन्नड बायकांना तोंडपाठ असेल, मराठी बायकांशेजारी एकेक कन्नड मैत्रीण बसवा, म्हणजे गप्पाही होतील. सोहराब मोदींचा १९५३ चा 'झांसी की रानी' हिंदी आहे, रंगीत आहे, पण फार संथ. नंतरच्या 'मणिकर्णिका'त तलवारी इतक्या फिरतात की बायकांना चहाला उठावंसं वाटेल. उन्हाळा आहे, मंडप मोकळा ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी निपाणीत बी.ए.ला आहे. प्रोजेक्टसाठी 'सीमाभागातल्या लढवय्या स्त्रिया' विषय घेतला. कित्तूरची राणी झाशीच्या राणीच्या आधीची, मग पहिली कोण, यावर वर्गात वाद झाला. आणि बेळवडीच्या मल्लम्मावर लिहू का? ती शिवाजी महाराजांच्या सैन्याशी लढली, म्हणून घरचे म्हणतात नको. – एक विद्यार्थिनी

उत्तर : पोरी, पहिला नंबर काढायला ही काय धावण्याची शर्यत आहे? पण तारखा लिही, त्या बोलतात. झाशीचं दत्तक २० नोव्हेंबर १८५३ चं, दुसऱ्या दिवशी गंगाधरराव गेले, १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नाकारून संस्थान खालसा केलं. डलहौसी हिंदुस्थानात आला १८४८ ला, आणि त्याच वर्षी साताराही याच कारणानं गेलं. म्हणजे दत्तक नाकारून संस्थान गिळायचा प्रयोग कित्तुरात त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. तुझ्या प्रोजेक्टला ही एक ओळ पुष्कळ वजन देईल.

मल्लम्मावर जरूर लिही, आणि बेधडक लिही. मराठी कागदांत ती सावित्रीबाई देसाई म्हणून येते. १६७८ ची गोष्ट. महाराज दक्षिणेतून परतत होते, बेळवडीशी मराठ्यांच्या फौजेचं वाजलं, बाईचा नवरा पडला, आणि तिनं ती गढी जवळजवळ महिनाभर लढवली. राजापूरच्या इंग्रजांनी तेव्हा चकित होऊन लिहून ठेवलंय, की एवढी राज्यं जिंकणाऱ्याला ही एक देसाईण आवरेना. शेवटी ती पकडली गेली. सखूजी गायकवाड या सरदारानं तिचा अपमान केला, ते कळल्यावर महाराजांनी त्याला जबर शिक्षा दिली, असं जुनी साधनं सांगतात. घरच्यांना एवढं वाचून दाखव. यात महाराजांना कमीपणा कुठं आला? आपल्याच सरदाराला परक्या बाईसाठी शिक्षा करणारा राजा दाखवायला लाज वाटायचं कारण काय?

धारवाड तालुक्यात यादवाड नावाचं गाव आहे. तिथं दगडात कोरलेलं शिल्प आहे. घोड्यावर महाराज, आणि खाली मांडीवर मूल घेतलेले महाराज. ते मूल मल्लम्माचं आणि शिल्प तिनंच करवलं, असं गावकरी मानतात. मोबाईलवरचा फोटो चिकटवू नकोस, जाऊन बघ. आधी बैलहोंगल गाठ, तिथं चेन्नम्माची समाधी बघून घे. त्याच तालुक्यात बेळवडी आहे. कित्तूरचा पडका वाडाही बघायचा असेल तर मुक्कामाची तयारी ठेव. एकटी जाऊ नकोस म्हणणार नाही, पण एखाद्या कन्नड मैत्रिणीला बरोबर घे. बेळवडीतल्या म्हाताऱ्यांना पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि ते मराठीत बोलायचे नाहीत.