औषधांच्या १० बाय ८ फुटांच्या साठवणखोलीला कोणता एसी घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकोल्यात मेडिकलचं दुकान, मागे १० बाय ८ फुटांची खोली, वर गच्चीचा उघडा स्लॅब, एक भिंत पश्चिमेची, खिडकी नाही, आत औषधांची खोकी. उन्हाळ्यात आतला काटा ३८-३९ वर जातो. एक डीलर दीड टन घ्या म्हणतो, दुसरा पाऊण टन पुरे म्हणतो, आणि घरचे म्हणतात एसी कशाला, कुलर बसवा. मी शेजारच्या अमरावतीत एसी-फ्रिजची कामं करतो. मेडिकलवाले आणि बियाणेवाले हे माझं नेहमीचं गिऱ्हाईक, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घाईत असाल तर एवढंच वाचा: एक टनाचा इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे आपला जोर कमी-जास्त करणारा) स्प्लिट घ्या, लाइन गेली-आली की आपोआप सुरू होणारा. पण त्याआधी छताचं काम करून घ्या. दीड टन नको. कुलर तर अजिबातच नको.

कुलरचा विषय आधी संपवतो, कारण आपल्या विदर्भात तो घरोघरी असतो आणि लोकांचा त्याच्यावर फार जीव. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कुलर गारवा चांगला देतो, नाही म्हणत नाही. पण तो गारवा पाण्याच्या वाफेतून येतो. बंद खोलीत दोन दिवस कुलर चालवा आणि खालचं खोकं उचलून बघा, पुठ्ठा बोटाखाली दबतो. इसबगोल, फसफसणाऱ्या गोळ्या, ओआरएसच्या पुड्या, मऊ कॅप्सूल या मालाला दमट हवा उष्णतेइतकीच वाईट. मऊ कॅप्सूलचा डबा हलवला आणि खुळखुळ आवाज न येता एकच गोळा इकडून तिकडे सरकला, तर समजायचं की माल गेला. शिवाय जुलैत हवाच ओली असते तेव्हा कुलर गारवाही देत नाही.

आता टनाचा हिशेब. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, वॅटमध्ये सांगायचं तर साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता खोलीबाहेर फेकण्याची ताकद. तुमच्या खोलीत उष्णता येते कुठून ते बघू. माणसं नाहीत, खिडकी नाही, एखादी एलईडी ट्यूब, तीही पाच-दहा मिनिटं. राहिलं छत, पश्चिमेची भिंत आणि दार. उघडा स्लॅब भर उन्हात वरून ६० अंशांच्या पुढे तापतो. ८० चौरस फुटांच्या अशा स्लॅबमधून माझ्या अंदाजाने आठ-नऊशे वॅट आत येतात. पश्चिमेची नऊ इंची भिंत चारशेच्या आसपास, बाकीच्या भिंती मिळून तेवढंच, दार उघडझाप धरून दोनशे. सगळं मिळून दोन हजार वॅटच्या आतबाहेर, म्हणजे जेमतेम अर्ध्या टनाच्या थोडं वर.

मग पाऊण टन पुरे म्हणणारा डीलर बरोबर का? कागदावर बरोबर. पण एसीची ताकद मोजतात तेव्हा बाहेरचं तापमान ३५ अंश धरलेलं असतं. अकोल्यात मे महिन्यात ४४-४५ ही रोजची गोष्ट, आणि पश्चिमेच्या भिंतीला टांगलेल्या आउटडोअरला (एसीच्या बाहेर बसणाऱ्या भागाला) त्याहून जास्त सोसावं लागतं. बाहेर जितकं गरम तितकी मशीनची ताकद घटते आणि वीज जास्त लागते. काही कंपन्या ५० किंवा ५२ अंशांतही चालतो असं छापतात. त्याचा अर्थ मशीन तेव्हा बंद पडणार नाही एवढाच. पूर्ण ताकदीने थंड करील असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. म्हणून पाऊण टनावर एक पायरी चढून एक टन.

दीड टनाला माझा विरोध पैशांसाठी नाही. मोठी मशीन छोटी खोली झटकन गार करते आणि थांबते. हवेतलं पाणी काढायला कॉइल (आतली थंड होणारी नळ्यांची जाळी) सलग काही वेळ थंड राहावी लागते, तो वेळच तिला मिळत नाही. उन्हाळ्यात फारसं जाणवत नाही. पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि हवा चिंब असते, तेव्हा काटा २४ दाखवतो आणि खोली मात्र गार तळघरासारखी ओलसर वास मारते. जुन्या पद्धतीच्या, इन्व्हर्टर नसलेल्या दीड टनाला हे सगळ्यात जास्त होतं. एक टनाचा इन्व्हर्टरही पावसाळ्यात या खोलीला थोडा मोठाच पडणार, तेव्हा त्याला ड्राय मोडवर, म्हणजे हवा कोरडी करण्याच्या सेटिंगवर, ठेवा. तरी आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली येत नसेल तर छोटा डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करणारं यंत्र) लावा, त्याची टाकी मात्र रोज ओतावी लागते, नाहीतर नळी बाहेर काढावी लागते.

पण टन हा या खोलीतला खरा प्रश्नच नाही. माणसांच्या खोलीतला एसी बंद पडला तर पाच मिनिटांत कुणीतरी ओरडतं. इथे ओरडणारं कुणी नाही. रात्री दहाला शटर ओढलं की सकाळपर्यंत आत काय झालं ते कुणालाच कळत नाही. त्यामुळे साठवणखोलीचा एसी निवडताना मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो हा, की लाइन जाऊन आली तर हा स्वतः सुरू होतो का? याला ऑटो रीस्टार्ट म्हणतात. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये असतं, पण काहींत ते रिमोटवरून किंवा इनडोअरच्या बटणावरून चालू करून द्यावं लागतं, आणि बसवणारा पोरगा ते करत नाही. बसवून झालं की त्याला जाऊ देऊ नका. एसी २४ वर चालू असताना एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा-खटका) पाडा, पाच मिनिटं थांबा, परत चढवा. रिमोटला हात न लावता मशीन सुरू झाली पाहिजे आणि २४ वरच सुरू झाली पाहिजे. कॉम्प्रेसर दोन-तीन मिनिटं उशिरा उठतो, ते ठीक आहे. मशीन नुसतीच स्टँडबायचा लाल दिवा दाखवत बसली, तर तुमच्या उपयोगाची नाही.

याच कारणासाठी काही जुने दुकानदार गोल खटक्यांचा विंडो एसी मागतात. खटका जिथे फिरवला तिथेच राहतो, लाइन आली की मशीन चालू. मुद्दा चोख आहे. पण तुमच्या खोलीला खिडकी नाही, भिंत फोडावी लागेल, आणि विंडोच्या कडेच्या फटीतून धूळ-मुंग्या येतात. जुना सेकंडहँड विंडो तर घेऊच नका. त्यात बहुधा आर-२२ हा थंड करणारा जुना गॅस असतो, तो ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार २०३० पर्यंत बाजारातून काढायचा आहे. पुढे गळती झाली की गॅस महाग पडणार. चाकांवरचा पोर्टेबल एसीही नको, तो एका नळीने खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा दाराच्या फटीतून आत ओढतो.

आता छत. एसी आणण्याआधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारा, दोन हात. तेवढं बजेट नसेल तर चुन्याची सफेदी, पण ती दरवर्षी करावी लागेल. आतून थर्माकोलच्या दोन इंची शीट लावून खाली फॉल्स सीलिंग करता आलं तर उत्तमच. छतातून येणारी उष्णता निम्म्याहून कमी होते, आणि हे पैसे विजेच्या बिलात परत येतात. ज्यांच्या खोलीवर उघडा पत्रा आहे त्यांना तर मी आधी छत करा, मग मला बोलवा असं स्पष्ट सांगतो.

स्लॅबची आणखी एक खोड आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सोडायला लागतो. खोलीचं छत आतून सगळ्यात जास्त तापलेलं असतं ते दुपारी दोनला नाही, दिवेलागणीच्या सुमाराला, आणि ती धग मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही. नेमकं तेव्हाच दुकान बंद करताना लोक एसी बंद करून जातात, बिल वाचवायला. सकाळी खोलीत हात घातला तर वरच्या रॅकवरची खोकी कोमट लागतात. उन्हाळ्यात एसी २४ तास चालू ठेवायचा. परवडत नसेल तर रात्री २६ वर ठेवा, पण बंद करू नका.

चोवीस तास चालणार म्हणून स्टारचा विचारही घरापेक्षा वेगळा. लेबलवर वर्षाला अमुक युनिट असं लिहिलेलं असतं ते वर्षाला १,६०० तास वापर धरून. तुमच्याकडे मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच दोन हजार तास ओलांडतील. घराला मी बऱ्याचदा तीन स्टार सांगतो, तुम्हाला पाच स्टार सांगेन. दुकानाचं मीटर व्यापारी दराचं, त्यामुळे फरक लवकर भरून निघतो. एक टनाची मशीन पूर्ण जोरात नऊशे-हजार वॅट ओढते. छत केलेलं असेल तर दिवसरात्रीची सरासरी त्याच्या निम्म्यावर धरा, म्हणजे मे महिन्यात दिवसाला १२ युनिटच्या आसपास. छत नसेल केलं तर हा आकडा विसरा.

किती वर ठेवायचा? १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात, तो आकडा तुमच्या कामाचा आहे. औषधांच्या खोक्यांवर कुठे ३० अंशांखाली, कुठे २५ अंशांखाली ठेवा असं असतं. तुमच्या साठ्यात २५वाली किती ते आधी बघा. सगळीच ३०वाली असतील तर २६ पुरेल. २५वाली असतील तर २२-२३ ठेवा, कारण वरच्या फळीवर खालच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्तच असतात. १६ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबायचं नाव घेत नाही, आणि फिल्टर मळलेला असेल तर कॉइलवर बर्फ धरतो. इन्सुलिन, लसी, म्हणजे २ ते ८ अंशांचा माल, यांचा एसीशी काही संबंध नाही, त्यांना फ्रिजच हवा. तो फ्रिज शक्यतो या खोलीत ठेवू नका, कारण आतून काढलेली उष्णता तो मागून तुमच्याच खोलीत सोडतो. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी तर बंद खोलीत मुळीच नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

कंपनीचं नाव तुम्ही विचारलंय. एक टनात नावाजलेल्या कंपन्यांच्या मशीन उन्नीस-बीस आहेत. मी उलटं विचारतो: अकोला शहरात कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे आणि मे महिन्यात तक्रार केली तर माणूस किती दिवसांत येतो? शेजारच्या दोन-तीन दुकानदारांना विचारा, जाहिरातीपेक्षा खरं उत्तर तिथे मिळेल. कॉइल तांब्याची घ्या, गळती झाली तर कुणीही मेकॅनिक टाका मारू शकतो.

बसवताना आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर नको. गच्चीवर सावलीच्या जागी ठेवा, पुढे मोकळी जागा सोडून. दोन दुकानांमधल्या बोळात तर कधीच नको, स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतो. इनडोअर दाराच्या वर लावा आणि त्याच्या खाली रॅक ठेवू नका. ड्रेनची नळी तुंबली की पाणी इनडोअरमधूनच टपकतं, आणि ते नेमकं सिरपच्या खोक्यांवर. नळीला सलग उतार पाहिजे, मध्ये झोका पडता कामा नये. खोकी भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून लाकडी पाटावर, म्हणजे हवा फिरते. दाराला खालून रबरी पट्टी आणि वर डोअर क्लोजर. बसवणाऱ्याने पाइप जोडल्यावर व्हॅक्युम पंप लावला पाहिजे, नुसता गॅस सोडून हवा काढतो म्हणाला तर काम थांबवा.

वायर तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची, स्वतंत्र १६ अँपिअरच्या एमसीबीवरून. व्होल्टेज तुमच्या भागात रात्री फार चढत-उतरत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, मशीनवर स्टॅबिलायझरची गरज नाही असं लिहिलेलं असलं तरी. सर्किट बोर्ड जळाला तर त्याची किंमत स्टॅबिलायझरपेक्षा जास्त असते, आणि तो येईपर्यंत आठ-दहा दिवस खोली उघड्या उन्हात.

शेवटी थर्मामीटर. एसीच्या डिस्प्लेवरचा आकडा धरू नका, तो एसीजवळच्या हवेचा असतो, बऱ्याच मशीनवर तर तुम्ही रिमोटने लावलेलाच. काहीशे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा, कमाल-किमान लक्षात ठेवणारा डिजिटल मिळतो. तो एसीपासून सगळ्यात लांबच्या रॅकच्या वरच्या फळीवर ठेवा, सकाळी शटर उघडलं की रात्रीचं कमाल तापमान वहीत लिहा आणि बटण दाबून कोरा करा. साठा मोठा होत गेला, दोन-चार लाखांच्या वर, तर एकाच मशीनवर विसंबू नका. पाऊण टनाचे दोन घ्या आणि टायमरने आलटून-पालटून चालवा.