शाळेत बोलले तर त्रास वाढेल का?

"शाळेत जाऊन बोलले, तर त्याला जास्तच त्रास देतील का हो?" हा प्रश्न समुपदेशनाला आलेले पालक मला सारखा विचारतात. रंग, भाषा, अपंगत्व, घरची परिस्थिती. कारण काहीही असो, मुलाला वेगळं पाडलं जातं आणि या भीतीपोटी आईवडील गप्प बसतात.

असाच एक नऊ वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील तुरुंगात. वर्गातल्या मुलांना घरून ताकीद होती, याच्याशेजारी बसायचं नाही. गटात काम करायचं म्हटलं की हा एकटा. आई त्याला समजवायची, "तू लक्ष देऊ नकोस."

तो माझ्याशी बोलेना. मीही आग्रह धरला नाही. मूल आधी आपल्याला पारखतं, तेवढी सवड त्याला द्यावी, हे मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांतून शिकले आणि ते मला कधी सोडावंसं वाटलं नाही. एकदा चित्र काढायला त्याने वही काढली. लेबलवरचं आडनाव इतकं खोडलं होतं, की कागद फाटला होता.

"हे कुणी खोडलं रे?"

"मीच. नुसतं नाव असलं की मी कुणाचा ते कळत नाही."

आई शेजारीच होती. "बाबा चुकले राजा, तू नाहीस," ती कशीबशी म्हणाली. घरात हे कुणी बोललंच नव्हतं. तो खूप रडला. मग म्हणाला, "मग मला का एकटं बसवतात?"

या प्रश्नाचीच मी वाट पाहत होते. तोवर 'मीच वाईट' असं त्याने धरून ठेवलं होतं. आता त्याला अन्याय दिसला. 'लक्ष देऊ नकोस' यातून मूल एवढंच ऐकतं, की हे असंच चालायचं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं दुसरं कलम मी आईला समजावून सांगितलं. आईवडिलांच्या कृतीमुळे किंवा मतांमुळेही मुलाशी भेदभाव होता कामा नये, असं त्यात स्पष्ट आहे.

शाळेत जाण्याआधी काय सांगायचं, काय नाही, हे मुलालाच विचारा. हा म्हणाला, "बाबांचं वर्गात काढू नका." मग प्रसंग तारखेनिशी लिहून द्या आणि नेमकं मागा. या आईने मागितलं, की गट शिक्षकांनी ठरवावेत आणि दर आठवड्याला बदलावेत. शाळेने ते मानलं. टोमणे लगेच थांबले नाहीत, पण तो ते घरी येऊन सांगू लागला.

सुरुवातीला त्रास थोडा वाढूही शकतो, हे मी लपवत नाही. म्हणूनच शाळेतून निघताना पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच निघा.